सायनोबॅक्टेरियाला थंडी, ऊन, उपासमार कळते कशी?

शेवाळवाली

नमस्कार मंडळी,

प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंविषयी मराठीत काही शोधायला गेलं की स्पिरुलिनाच्या गोळ्या नाहीतर भातखाचरातलं नत्र, एवढंच हाती लागतं. मला वेगळं काही लिहायचंय: परिस्थिती बिघडली की या जीवांना ते कळतं कसं आणि कळल्यावर ते काय करतात. बरीच वर्षं हा विषय शिकवतेय, आणि माझ्या मते सूक्ष्मजीवशास्त्रातला हा सगळ्यात सुंदर भाग आहे.

सायनोबॅक्टेरिया म्हणजे आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते. नावात शेवाळ असलं तरी हे जीवाणूच. पेशीत केंद्रक नाही, पण झाडांसारखं पाण्याचं विघटन करून प्राणवायू सोडतात.

आधी त्यांची अडचण समजून घेऊ. हरितद्रव्य उजेड शोषतं ते सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात. त्या ऊर्जेतून साखर घडवणारी विकरं मात्र अतिशय सावकाश चालतात. रुबिस्को हे त्यातलं मुख्य विकर सेकंदाला जेमतेम काही रेणू हाताळतं. थंडी पडली की विकरं आणखी मंदावतात, पण उजेड शोषण्याचा वेग तसूभरही कमी होत नाही. नत्र संपलं, लोह संपलं, मीठ वाढलं, तरी शेवट तोच: उजेड येतच राहतो आणि खर्चायला जागा उरत नाही. ही शिल्लक ऊर्जा प्राणवायूच्या माथी गेली की त्याची घातक रूपं तयार होतात आणि पेशी आतून पोळते. ज्याच्यावर पोट भरतं तेच जिवावर उठतं. म्हणून यांच्याकडे ताण ओळखायची व्यवस्था इतकी बारकाईची आहे.

आता थंडीचं उदाहरण घेते, कारण त्याचा उलगडा फार देखण्या प्रयोगांनी झाला. पेशीभोवतीचं पटल मेदाचं असतं. तूप हिवाळ्यात थिजतं आणि करडईचं तेल पातळच राहतं, कारण तेलात असंतृप्त मेदाम्लं जास्त. पटलाचंही तसंच. थंडीत ते घट्ट झालं की त्यात बसलेली प्रथिनं नीट हलू शकत नाहीत. मग जीवाणू डीसॅच्युरेज नावाची विकरं बनवतो. ही विकरं मेदाम्लांमध्ये दुहेरी बंध घालतात आणि पटल पुन्हा सैल होतं. जपानमधल्या ओकाझाकीच्या संस्थेत नोरिओ मुराता यांच्या गटाने १९९० मध्ये असं एक जनुक थंडी न सोसणाऱ्या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियात घातलं, आणि त्याची थंडी सोसायची ताकद वाढली.

पण त्याला थंडी पडल्याचं कळतं कशावरून? १९९३ मध्ये मुराता, हंगेरीतले लास्लो वीघ आणि सहकाऱ्यांनी तापमानाला हातच लावला नाही. पॅलेडियमचा उत्प्रेरक वापरून त्यांनी जिवंत पेशींच्या पटलातले दुहेरी बंध हायड्रोजनने भरून टाकले. पटल घट्ट झालं, आणि पाणी उबदार असतानाही डीसॅच्युरेजचं जनुक जोरात सुरू झालं. जीवाणूच्या लेखी थंडी म्हणजे पाण्याचा अंश नव्हे. आपलं पटल घट्ट झालं ही त्याची खूण.

उन्हाचंही बघा. यांच्या पेशीत फायकोबिलिसोम नावाचे उजेड गोळा करणारे मोठे प्रथिनसमूह असतात. ऊन फार झालं की ऑरेंज कॅरोटिनॉइड प्रथिन, म्हणजे ओसीपी, कामाला येतं. ते अंधारात केशरी असतं. तेज निळा-हिरवा उजेड पडला की त्याच्या आतलं कॅरोटिनॉइड हे रंगद्रव्य सुमारे १२ अँगस्ट्रॉम सरकतं, प्रथिनाचे दोन भाग सुटे होतात आणि ते लाल होतं. लाल झालेलं ओसीपी फायकोबिलिसोमला चिकटतं आणि जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतं. ऊन उतरलं की एफआरपी नावाचं दुसरं प्रथिन त्याला सोडवतं आणि ते पुन्हा केशरी होतं. यात जनुकं चालू-बंद करायची गरजच नाही. धोका ओळखणारा आणि धोका टाळणारा रेणू एकच. हे प्रथिन १९८१ पासून माहीत होतं, रचना २००३ मध्ये उलगडली, पण ते करतं काय हे पॅरिसजवळच्या डायना किरिलोव्स्की यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट मांडायची आहे. या जीवांकडे बाहेरचं जग मोजणारी वेगळी उपकरणं फारशी नाहीत. आपल्याच पटलावर, आपल्याच रंगद्रव्यांवर, आपल्याच चयापचयावर किती ताण आला आहे, त्यावरून ते बाहेरचं ओळखतात. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

———

चौकस

सुंदर धागा. एक शंका. पटल घट्ट झाल्यावर जनुक सुरू झालं हे पटलं. पण मधली कडी कोणती? थंडीने सगळ्याच रासायनिक क्रिया मंदावतात, त्यातून काहीतरी आपोआप घडत असेल. ठरावीक प्रथिनाने निरोप पोचवला हे सिद्ध कसं केलं?

———

शेवाळवाली

चौकस, अगदी नेमका प्रश्न. त्याचं उत्तर सिनेकोसिस्टिस ६८०३ या एका जातीमुळे मिळालं. कॅलिफोर्नियातल्या गोड्या पाण्यातून वेगळी केलेली ही गोल, साधी पेशी. जपानच्या काझुसा डीएनए संशोधन संस्थेने १९९६ मध्ये तिचा पूर्ण जीनोम वाचला. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या कुठल्याही जीवाचा हा पहिलाच पूर्ण जीनोम. लांबी सुमारे ३५.७ लाख बेसजोड्या.

त्यात हिस्टिडीन कायनेजची ४७ जनुकं सापडली. जीवाणूंमध्ये ही प्रथिनं पटलात किंवा पेशीत बसून बदल टिपतात, स्वतःवर फॉस्फेट चढवतात आणि तो पुढच्या प्रथिनाकडे सोपवतात. ते पुढचं प्रथिन जनुकं चालू-बंद करतं. मुराता यांच्या गटाने ही कायनेजं एकेक करून निकामी केली, प्रत्येक म्युटंटला थंडीत ठेवलं आणि कोणाचा प्रतिसाद हुकतो ते पाहिलं. त्यातलं एचआयके-३३ हे कायनेज निकामी केल्यावर थंडीत सुरू होणारी बरीच जनुकं गप्प राहिली. तेव्हा नुसत्या मंदावलेल्या रसायनशास्त्राने ती सुरू होत नव्हती, मध्ये हे प्रथिन होतं.

तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक, थंडीला जागणारी काही जनुकं या म्युटंटमध्येही सुरू झालीच, म्हणजे थंडीचा निरोप एकाच वाटेने जात नाही. दुसरी मला जास्त रंजक वाटते: हेच एचआयके-३३ मीठ, पाण्याचा ताण आणि तेज उजेड यांच्या प्रतिसादातही आहे, पण प्रत्येक वेळी सुरू होणारा जनुकांचा संच वेगळा.

उष्णतेची तऱ्हा निराळी. एचएसपी-१७ हे उष्णतेत पटल आणि प्रथिनं सांभाळणारं छोटं प्रथिन. त्याच्या आरएनएच्या सुरुवातीलाच एक छोटा दुमडलेला भाग असतो आणि प्रथिनं घडवणारा रायबोसोम जिथे धरतो ती जागा त्यात दडलेली असते. तापमान वाढलं की ती दुमड सुटते, जागा उघडी पडते आणि प्रथिन बनू लागतं. पुन्हा तेच, मोजणारा आणि करणारा एकच.

———

लोणारकर

आमच्या लोणार सरोवराचं इथे कुणीतरी सांगा. २०२० च्या जूनमध्ये अख्खं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा कडेला उभं राहून डोळ्यांनी पाहिलंय. एरवी पाणी हिरवंगार असतं. हे हिरवे जीवाणूच ताण आल्यामुळे गुलाबी झाले असं गावात बरेच जण सांगतात. खरं काय?

———

जांभळी_दुनिया

लोणारकर, माझं काम जांभळ्या जीवाणूंवर आहे, त्यामुळे याचं उत्तर मी देतो.

हिरवे जीवाणू गुलाबी झाले नाहीत. वन विभागाने पाण्याचे नमुने तपासायला दिले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात तो रंग हॅलोआर्कियांचा निघाला. हे मिठात वाढणारे जीव, जीवाणूंपासूनही वेगळ्या कुळातले. पाणी आटलं, खारटपणा आणि अल्कता वाढली, ऊन कडक होतं, आणि त्यांना रान मोकळं मिळालं. त्यांचा गुलाबी रंग कॅरोटिनॉइडांचा, आणि ही रंगद्रव्यं उजेडाने होणाऱ्या इजेपासून त्यांना वाचवतात. त्यांच्यातल्या काहींकडे उजेडावर प्रोटॉन ढकलणारं प्रथिन असतं, पण ते त्यातून कार्बनची साखर बनवत नाहीत.

तुमच्या सरोवराच्या हिरव्या रंगात आर्थ्रोस्पायराचा, म्हणजे बाजारात स्पिरुलिना म्हणतात त्याचा मोठा वाटा असतो. इतर बहुतेक शेवाळांना असह्य होणारं अल्कधर्मी पाणी याला मानवतं. स्पिरुलिना पिकवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे: त्यांच्या नेहमीच्या झारूक माध्यमात लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट असतं. एवढ्या सोड्यात दुसरं शेवाळ सहसा शिरकाव करत नाही, आणि आर्थ्रोस्पायराला कार्बनचा भरपूर साठा मिळतो.

म्हणून लोणारमधला बदल मला एका जीवाच्या प्रतिसादापेक्षा वस्तीच्या बदलासारखा वाटतो. ताण ठरावीक हद्दीपर्यंत असेल तर तेच जीव जुळवून घेतात. हद्द ओलांडली की जागा दुसऱ्याकडे जाते.

आता माझ्या जांभळ्या जीवाणूंविषयी थोडं. यांची गत सायनोबॅक्टेरियाच्या उलट. हे पाण्याचं विघटन करत नाहीत, प्राणवायू सोडत नाहीत, आणि प्राणवायू असताना उजेडावर जगणं त्यांना परवडत नाही, कारण बॅक्टेरिओक्लोरोफिल (त्यांचं हरितद्रव्य), उजेड आणि प्राणवायू एकत्र आले की सिंग्लेट ऑक्सिजन हे प्राणवायूचं घातक रूप तयार होतं आणि ते समोर येईल ते जाळतं. म्हणून रोडोबॅक्टर हा जांभळा जीवाणू प्राणवायू दिसताच रंगद्रव्य बनवणंच थांबवतो आणि श्वसनावर जगतो. ते ओळखतं आरईजी-बी नावाचं कायनेज. त्यातलं एक सिस्टीन प्राणवायू असताना शेजारच्या रेणूशी गंधकाचा बंध करून बसतं आणि कायनेज निष्क्रिय होतं. शिवाय पटलातला युबिक्विनोन किती ऑक्सिडीकृत आहे हेही त्याला जाणवतं. युबिक्विनोन श्वसनातलाच इलेक्ट्रॉनवाहक, त्यामुळे शेवाळवाली ताईंचं म्हणणं इथेही लागू पडतं.

निळ्या उजेडासाठी ॲप-ए हे आणखी एक प्रथिन आहे. त्यात फ्लेव्हिन हा उजेड टिपणारा रेणू बसवलेला असतो. उजेड आणि प्राणवायू दोन्हींचा अंदाज एकाच प्रथिनात एकत्र होतो, हे २००२ मध्ये इंडियाना विद्यापीठात दिसलं. आणि एवढं करूनही सिंग्लेट ऑक्सिजन तयार झालाच, तर सीएचआर-आर नावाचं प्रथिन ज्या सिग्मा घटकाला, म्हणजे जनुकं सुरू करायला लागणाऱ्या प्रथिनाला, अडकवून ठेवतं त्याला सोडतं, मग दुरुस्तीची जनुकं सुरू होतात.

———

लोणारकर

धन्यवाद. हे गावातल्या शाळेत सांगायला हवं. पर्यटकांना तर दर रविवारी निरनिराळ्या गोष्टी ऐकवल्या जातात.

———

खारवाला

मी रायगडचा. आमची खारजमीन आहे. उधाणात खारबंदिस्ती फुटली की खाचरात खारं पाणी शिरतं आणि दोन-दोन वर्षं भात धड येत नाही. कृषी सहायकांनी निळ्या-हिरव्या शेवाळाचं कल्चर टाकायला सांगितलं होतं. गोड्या जमिनीत काम करतं, खारात मात्र दिसेनासं होतं. ताई, या जीवाणूला मिठाचं काय होतं ते सोपं करून सांगाल का? आणि युरिया टाकू की नको?

———

शेवाळवाली

खारवाला दादा, तुमच्या प्रश्नावर आपल्या मुंबईतच मोलाचं काम झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मीठ वाढल्यावर पेशीवर दोन घाव येतात. आधी पाणी बाहेर जातं आणि पेशी आकसते. लगोलग सोडियम आत घुसतं आणि विकरं बिघडवतं. जे जीव तगतात ते सोडियम बाहेर हाकलतात, काही काळ त्याच्या जागी पोटॅशियम घेतात, आणि मग काही तासांत आतमध्ये निरुपद्रवी, विद्राव्य पदार्थ भरतात म्हणजे पाणी पेशीत टिकून राहतं. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच जाती सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज भरतात. त्यांची मजल कमी. सिनेकोसिस्टिस ग्लुकोसिलग्लिसरॉल भरतं आणि समुद्राच्या दुप्पट खारटपणाही सोसतं. अतिखाऱ्या पाण्यातल्या जाती ग्लायसिन बिटेन भरतात. तुमच्या कल्चरमधली जात यातली कुठली, यावर ती तुमच्या खारात टिकणार की नाही ते ठरतं. गोड्या खाचरातून निवडलेली जात उधाणाच्या पाण्यात मरणारच, त्यात तुमच्या वापरण्यात काही चूक नाही.

इथेही ओळखण्याची तऱ्हा बघा. ग्लुकोसिलग्लिसरॉल बनवणारं विकर एरवी पेशीतल्या न्यूक्लीक आम्लांना चिकटून गप्प बसलेलं असतं. आत मीठ वाढलं की ही पकड सुटते आणि विकर कामाला लागतं. जर्मन गटाने हे २०११ मध्ये दाखवलं.

आता युरिया. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्री कुमार आपटे आणि सहकाऱ्यांनी ॲनाबिना या हवेतलं नत्र बांधणाऱ्या सायनोबॅक्टेरियाच्या मीठ सोसण्यावर अनेक वर्षं काम केलं. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की नायट्रेट किंवा अमोनियमसारखं तयार नत्र मिळालं तर पेशीत सोडियम कमी शिरतं आणि जीवाणू जास्त मीठ सोसतो. पण दुसरी बाजू अशी की तयार नत्र मिळालं की तो हवेतलं नत्र बांधणं थांबवतो, आणि तुम्ही तर त्यासाठीच ते कल्चर टाकता. शेतात युरियाचा डोस ठरवताना हा पेच लक्षात ठेवायला हवा. माझा सल्ला असा: पहिल्या पावसांनी जमीन जितकी धुतली जाईल तितकी धुऊ द्या, पाणी एकदोनदा बदला, आणि लावणीनंतर आठवडाभराने कल्चर टाका. शिफारस हेक्टरी १० किलो कोरड्या कल्चरची असते. पाणी साचलेलं हवं. आणि खारजमिनीतून वेगळी केलेली जात मिळते का ते कृषी विद्यापीठात विचारा. तुम्हाला तीच हवी.

आणखी एक. जास्त मीठ, थंडी किंवा पेरॉक्साइड उजेडाने होणारी इजा वाढवतात असं आधी मानत असत. मुराता आणि निशियामा यांच्या गटाने वेगळंच दाखवलं: इजा होते तेवढीच, बंद पडते ती दुरुस्ती. प्रकाशसंश्लेषणातलं डी-१ प्रथिन उन्हात सतत मोडतं आणि सतत नवं बनवावं लागतं. ताणाखाली नवी प्रथिनं बनणं थांबतं आणि मोडकं तसंच साचत जातं. म्हणून खारं पाणी आणि भर दुपारचं ऊन एकत्र आलं की कल्चर इतक्या लवकर पिवळं पडतं.

———

खारवाला

ताई, असं कुणी सांगितलंच नव्हतं. भाताच्या जातीत खारी-गोडी बघतो तशी कल्चरची जात पण बघायची असते हे आता कळलं. बांधावरच्या खारट चिखलात हिरवा पापुद्रा धरतो, त्यातला थोडा सुकवून विद्यापीठात घेऊन जातो.

———

तुषार_एमएससी

ताई, हेटेरोसिस्टविषयी लिहा ना. परीक्षेपुरतं वाचलंय, पण पेशीला नत्र संपल्याचं कळतं कशावरून हे पुस्तकात दोन ओळींत उरकलंय.

———

शेवाळवाली

तुषार, आधी हेटेरोसिस्ट, म्हणजे हवेतलं नत्र बांधणारी खास पेशी, न करणाऱ्या सिनेकोसिस्टिसचं सांगते, कारण ते प्रयोगशाळेत डोळ्यांना दिसतं. सायनोबॅक्टेरिया वाढवायच्या बीजी-११ माध्यमात लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं. पेशी धुऊन नायट्रेट नसलेल्या माध्यमात टाकल्या की फ्लास्कचा निळसर-हिरवा रंग आधी पोपटी होतो, मग पिवळा. मरताहेत असं वाटतं, पण मरत नाहीत. एनबीएल-ए नावाचं इवलंसं प्रथिन फायकोबिलिसोम मोडायला लावतं. विद्राव्य प्रथिनांचा निम्म्यापर्यंत भाग या फायकोबिलिसोममध्येच असतो, त्यामुळे ते मोडून पेशीला नत्रही मिळतं आणि उजेड गोळा करणंही कमी होतं. एका कृतीत दोन्ही अडचणी हलक्या होतात. मग पेशी ग्लायकोजेन साठवून महिनोन् महिने पडून राहतात. ट्युबिंगेनच्या कार्ल फॉर्खहॅमर यांच्या गटाने दाखवलं की नायट्रेट परत दिलं की त्या आधी ग्लायकोजेन जाळतात, प्रकाशसंश्लेषणाची जुळणी नंतर करतात, आणि दोनेक दिवसांत फ्लास्क पुन्हा हिरवा होतो.

नत्र संपल्याचं कळतं ते २-ऑक्सोग्लुटरेटवरून. हा चयापचयातला कार्बनचा सांगाडा, त्यावर अमोनिया बसवून ग्लुटामेट बनतं. नत्र असलं की तो लगेच खर्च होतो, नसलं की साचतो. साचलेला रेणू एनटीसीए या नियंत्रकाला आणि पीआयआय या प्रथिनाला जाऊन चिकटतो, तिथून बाकीचं सुरू होतं. नत्र किती आहे याची मोजणी होत नाही. नत्राची वाट पाहणारं सामान किती साचलंय हे पाहिलं जातं. मला हे फार मोठं चातुर्य वाटतं.

ॲनाबिनाच्या साखळीत मग ठरावीक अंतराने, दहा-वीस पेशींमागे एक पेशी हेटेरोसिस्ट होते. नत्र बांधणारं नायट्रोजिनेज प्राणवायूने मरतं, म्हणून ही पेशी प्राणवायू सोडणारा भाग बंद करते, भोवती जाड आवरण चढवते, आणि पुन्हा कधीच विभागत नाही. हेटेरोसिस्ट कोण होणार हे एचईटी-आर नावाचं प्रथिन ठरवतं. पीएटी-एस हा छोटा पेप्टाइड शेजारच्या पेशींत पसरून त्यांना थांबवतो. १९९८ मध्ये दिसलं की त्यातली पाच अमिनो आम्लंसुद्धा थांबवायला पुरतात. पेशींनी आपसांत काम वाटून घेण्याचं इतकं जुनं आणि इतकं साधं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

———

गुरुजी_सातारा

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. गच्चीवर, कौलांवर उन्हाळ्यात काळे, कुरकुरीत पापुद्रे पडलेले दिसतात. पहिला पाऊस झाला की तेच फुगून हिरवट, बुळबुळीत होतात. मुलांना सुकलेला पापुद्रा बशीत ठेवून त्यावर पाणी घालायला सांगायचो. बघता बघता तो उलगडत जायचा. हा नॉस्टॉक ना? इतका सुकूनही मरत कसा नाही?

———

शेवाळवाली

गुरुजी, हो, फुगून जेलीसारखा होणारा बहुधा नॉस्टॉकच. जेली म्हणजे त्याने स्वतःभोवती गुंडाळलेली बहुशर्करा. सुकताना पेशी ट्रेहॅलोज साठवते आणि त्यामुळे पाणी नसतानाही पटल व प्रथिनं मोडत नाहीत. संग्रहालयातले अनेक दशकं सुके असलेले नॉस्टॉकचे नमुने पाणी मिळाल्यावर वाढल्याच्या नोंदी आहेत.

काळपट रंगाचं कारण स्किटोनेमिन. हे रंगद्रव्य पेशीत नसतं, बाहेरच्या आवरणात साठवलं जातं आणि अतिनील किरण तिथेच शोषून घेतं. सुकलेल्या पेशीला दुरुस्ती करता येत नाही, त्यामुळे आधीच बनवून ठेवलेलं हे आवरणच कामाला येतं. जुन्या भिंतींवर, कौलांवर दिसणारा काळा थर पुष्कळदा याच कुळातल्या जीवांचा असतो.

———

तळेकाठ

आमच्या संकुलातल्या तळ्यात दर मे महिन्यात हिरवा साका येतो, वास मारतो. कुणीतरी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायला सांगितलं. त्याने खरंच फक्त हेच मरतं का?

———

जांभळी_दुनिया

तळेकाठ, तत्त्व खरं आहे. नेदरलँड्समध्ये २००९ साली एका अख्ख्या तळ्यात लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम या प्रमाणात पेरॉक्साइड देऊन सायनोबॅक्टेरियाचा साका हटवला गेला आणि बाकीची शेवाळं व प्राणी बऱ्यापैकी वाचले. कारण असं सांगितलं जातं की सायनोबॅक्टेरिया जास्तीचे इलेक्ट्रॉन प्राणवायूवर टाकताना फ्लॅव्होडाय-आयर्न प्रथिनांच्या मदतीने थेट पाणी बनवतात, मध्ये पेरॉक्साइड तयार होत नाही. हिरव्या शेवाळांत आणि झाडांत ते तयार होतं, म्हणून त्यांच्याकडे त्याला निस्तरायची व्यवस्था जास्त भक्कम.

पण अंदाजाने बाटल्या ओतू नका. जास्त झालं तर मासे आणि पाणकिडे मरतात, आणि साक्यातल्या पेशी फुटून त्यांचं विष पाण्यात सुटतं. आधी पाणी तपासून घ्या, सांडपाणी कुठून येतंय ते बंद करा. फॉस्फरस येत राहिला तर साका पुढच्या मे महिन्यात पुन्हा येणारच.

———

चौकस

आणखी एक विचारतो. सिनेकोसिस्टिसकडे ४७ कायनेजं. सगळ्यांकडे एवढीच असतात का? की ज्याला जास्त संकटं त्याच्याकडे जास्त?

———

शेवाळवाली

चौकस, ढोबळमानाने हो. उन्हातान्हात सुकणाऱ्या-भिजणाऱ्या नॉस्टॉककडे शंभराहून अधिक. दुसऱ्या टोकाला प्रोक्लोरोकॉकस. १९८८ मध्ये सॅली चिझम आणि सहकाऱ्यांनी त्याची ओळख करून दिली. उबदार महासागरात तो सगळ्यात विपुल प्रकाशसंश्लेषी जीव, पण काही प्रकारांचा जीनोम जेमतेम १७ लाख बेसजोड्यांचा आणि कायनेजं पाच-सहा. समुद्रात त्याच्याभोवतीची परिस्थिती फारशी बदलत नाही, त्यामुळे त्याने ओळखायची साधनं टाकून दिली. पेरॉक्साइड निस्तरणारं कॅटॅलेजसुद्धा त्याच्याकडे नाही. शेजारचे इतर जीवाणू समुद्राच्या पाण्यातलं पेरॉक्साइड कमी करतात आणि हा त्यांच्या भरवशावर जगतो. फॉस्फरसची टंचाई तर त्याने कायमचीच धरून ठेवलीय: पटलात फॉस्फरसचे मेद कमी वापरून गंधकाचे मेद वापरतो.

म्हणून समुद्र तापत असताना मला या जीवाची जास्त काळजी वाटते. नॉस्टॉककडे बदल ओळखून जुळवून घ्यायची साधनं आहेत, याच्याकडे फार थोडी.

———

गुरुजी_सातारा

जांभळी_दुनिया, तुमचे जांभळे जीवाणू मुलांना दाखवता येतील का? सूक्ष्मदर्शक एकच आहे, तोही जुना.

———

जांभळी_दुनिया

गुरुजी, सूक्ष्मदर्शकाशिवाय दाखवता येतील. विनोग्राडस्कीचा स्तंभ करा. तळ्याचा किंवा ओढ्याचा काळा गाळ घ्या, त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि थोडी जिप्समची पूड मिसळा. जिप्समऐवजी उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण वास फार येतो. उंच, पारदर्शक बरणीत तळाशी हे मिश्रण दाबून बसवा, बुडबुडे राहू देऊ नका, वर साधा गाळ आणि त्याच तळ्याचं पाणी घाला. तोंड सैल झाका, कारण आत वायू तयार होतात. खिडकीत ठेवा, पण थेट दुपारचं ऊन नको.

काही आठवड्यांनी तळाशी काळा थर, त्याच्या वर हिरवट, मग जांभळा-लालसर, आणि पाण्याजवळ सायनोबॅक्टेरियाचा हिरवा थर दिसू लागेल. प्राणवायू वरून खाली कमी होत जातो आणि गंधकाचा वायू खालून वर, त्यामुळे जो तो आपल्याला सोसेल त्या उंचीवर वाढतो. दुसरी बरणी काळ्या कागदात गुंडाळून शेजारी ठेवा. आणि जमलं तर तिसऱ्या बरणीच्या अर्ध्याच बाजूला कागद लावा. जांभळा पट्टा कुठे धरतो ते मुलांना आधी अंदाज करून वहीत लिहायला सांगा. फोटो इथे टाकाल तर मला फार आनंद होईल.